प्रार्थना पाठ झाली, ओळख राहिली

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या परिसरातील धर्मगुरूंची एक बैठक झाली. धर्मग्रामांतील प्रार्थनाजीवन कसे वाढवावे, हा विषय होता. कोणी जपमाळेचा महिना अधिक थाटाने साजरा करावा असे सुचवले, कोणी रात्रभराच्या जागरणाची कल्पना मांडली, कोणी आणखी एका नोव्हेनाची. आम्ही एवढेच म्हणालो की, आपल्या माणसांना प्रार्थना पुष्कळ येतात. ज्याच्यापुढे त्या म्हणायच्या त्याची ओळख आपण करून दिली आहे काय, हे आधी पाहावे. त्यावर आमच्याहून ज्येष्ठ असलेल्या एका सहकाऱ्यांनी हसत हसत उत्तर दिले, ‘‘फादर, ही वैयक्तिक नात्याची भाषा आपली नव्हे, ती पलीकडच्या पंथांची. आपल्या माणसाला नाते नको आहे, त्याला प्रार्थना हवी आहे.’’ सभेत हशा पिकला, आणि चहा आला. तो हशा आमच्या मनातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही भाषा आपली नव्हे, या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे; ते आधी उरकून घेऊ. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे चार भाग आहेत. श्रद्धा, साक्रामेंते आणि आज्ञा यांच्यानंतरचा चौथा भाग संपूर्णपणे प्रार्थनेला वाहिलेला आहे, आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात जिवंत परमेश्वराशी असलेले जिवंत, वैयक्तिक नाते म्हणजेच प्रार्थना, असे सांगितले आहे. हा भाग ज्यांच्या हातून उतरला ते फादर जाँ कोर्बों त्या वेळी यादवीने होरपळलेल्या बैरूत शहरात राहत होते. बाँबवर्षाव चालू असताना त्यांनी लेखन केले. चारशे वर्षे मागे गेलो तर आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) भेटते. आपल्यावर ज्याचे प्रेम आहे हे आपल्याला ठाऊक आहे, अशा मित्राशी एकांतात वारंवार केलेला संवाद, अशी तिने अंतःप्रार्थनेची व्याख्या केली. या स्त्रीला ख्रिस्तसभेने १९७० मध्ये धर्मपंडित ही पदवी दिली; तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापल्या गेलेल्या छोट्या पुस्तकात प्रत्येक मननाच्या शेवटी प्रभूशी मित्राने मित्राशी बोलावे तसे बोलायला सांगितले आहे. तेव्हा पलीकडच्या पंथांकडून आपण काही उसने आणलेले नाही. आपल्याच घरातली पेटी आपण उघडली नाही, इतकेच.

आता खरा प्रश्न. पेटी का उघडली नाही?

मराठी माणूस वडिलांना बहुधा ‘तुम्ही’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तू’ म्हणतो. आमच्या सगळ्या प्रार्थना ‘तू’च्या आहेत. थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा या देशीच्या माणसाशी या देशीच्या भाषेत बोलावे हीच त्यांची तळमळ होती. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मातेच्या ठायी पाहून कविता लिहिली, आणि त्याआधी कित्येक शतके या मातीतल्या संतांनी आपल्या देवाशी हट्ट केला, भांडण केले, त्याला तोंडावर दोष दिला. इतक्या सलगीच्या भाषेत जन्मलेले आम्ही कॅथलिक जन देवापुढे उभे राहतो ते मात्र तहसील कचेरीत उभे राहावे तसे. हातात अर्ज, अर्जाला जोडलेली कागदपत्रे, वशिल्यासाठी एखादा संत, आणि मनात एकच चिंता : काम होईल की नाही? ‘तू’ हा शब्द ओठांवर आहे, पण बोलण्याची रीत ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ अशी आहे.

मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत संत ज्यूडचे आभार मानणाऱ्या चौकटी वर्षानुवर्षे येत आल्या आहेत : दिवसातून नऊ वेळा, नऊ दिवस म्हणा, मागितलेले मिळाल्यावर छापून आणा. आता चौकटीची जागा मोबाइलने घेतली आहे; हीच प्रार्थना नऊ जणांना पाठवली तर संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल, साखळी तोडली तर काय होईल ते विचारू नका. वाचक हसतील. पण हे संदेश आम्हांला पाठवणारे आमचेच भाविक आहेत, रविवारी पहिल्या बाकावर बसणारे. हे त्यांना कोणी शिकवले? आम्हीच शिकवले. आम्ही म्हणजे हे ओळी लिहिणारा धर्मगुरू. कसे, तेही सांगितले पाहिजे. आणि ज्या बाईंचा हा प्रसंग आहे त्यांनी लिहिण्याची परवानगी दिली आहे. त्या आमच्याशी पापनिवेदनात बोलल्या नाहीत, आपल्या ओटीवर बोलल्या. नाही तर या लेखणीतून एक अक्षरही उमटले नसते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका वेगळ्या धर्मग्रामात आम्ही होतो. या बाईंच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. बाई एका शनिवारी आमच्याकडे आल्या. त्या दिवशी दोन विवाह होते, दुसऱ्या विवाहाची वरात दारात येऊन ठेपली होती. आम्ही टेबलाच्या खणातून नोव्हेनाचे एक कार्ड काढले, त्यांच्या हातात ठेवले आणि म्हणालो, ‘‘नऊ बुधवार करा. एकही चुकवू नका. श्रद्धेने करा, माता ऐकेल.’’ एवढे बोलून आम्ही झगा चढवला. मुंबईच्या रुग्णालयातून दर बुधवारी त्या बाई गाडी पकडून नोव्हेनाला येत आणि रात्री परत जात. मुलगी गेली ती नवव्या बुधवारनंतरच्या रविवारी.

महिन्याच्या मिस्सानंतर त्या आमच्या कार्यालयात आल्या. घामाने मऊ पडलेले ते कार्ड त्यांनी टेबलावर ठेवले. ‘‘फादर, नऊ झाले. एकही चुकला नाही. तुम्हीच मोजायला सांगितलं होतं.’’

आम्ही देवाच्या अगम्य इच्छेविषयी बोललो. ऐहिक दुःख आणि स्वर्गीय सुख यांविषयी बोललो. सेमिनरीत दुःखाच्या समस्येवरचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि त्या गेल्या. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ त्या चर्चमध्ये दिसल्या नाहीत.

पुढे त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूला कम्युनियन देण्यासाठी आमचे जाणे झाले. परत निघताना त्यांनी ओटीवर थांबवले. म्हणाल्या, ‘‘फादर, तुमच्यावरचा राग गेलाय. त्याच्यावरचा नाही गेला. रोज रात्री भांडी झाली की मागच्या दारात बसते आणि त्याला बोलते. तू कुठे होतास, असं विचारते. नको नको ते बोलते. माळ हातात धरवत नाही, पण त्याला बोलल्याशिवाय झोपही येत नाही. हे पाप ना?’’

वाचकहो, त्या ओटीवर आम्हांला जे कळले ते सेमिनरीतल्या सात-आठ वर्षांत कळले नव्हते. ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आठवा. ईयोबाने परमेश्वराला न्यायासनासमोर खेचले, जन्मदिवसाला शाप दिला. त्याच्या मित्रांनी मात्र परमेश्वराची बाजू सुसंगत, शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आणि शेवटच्या अध्यायात परमेश्वर कोणावर कोपतो? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असा ठपका तो त्यांच्यावर ठेवतो. फरक एवढाच की मित्र परमेश्वरा*विषयी* बोलत होते. ईयोब परमेश्वराशीही बोलत होता. बाईंच्या घरी आम्ही त्या मित्रांपैकी एक होतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काळोखावर येऊन थांबते, त्याला सांत्वनाची एकही ओळ जोडलेली नाही. तरी ख्रिस्तसभेने ते आपल्या प्रहरप्रार्थनेतून वगळले नाही, शुक्रवारच्या रात्रीसाठी ठेवले आहे. आम्ही ते दर शुक्रवारी म्हणत होतो. म्हणजे डोळे त्यावरून फिरवत होतो.

मग मागणेच चूक आहे काय? मुळीच नाही. प्रभूने मागा असे सांगितले आहे, आणि रोजची भाकर मागायला शिकवले आहे. यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होते. तरी प्रभू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? कचेरीतला साहेब हा प्रश्न विचारत नाही, तो अर्ज पाहतो. प्रभूला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचे होते. मागणे हे नात्यातले बोलणे झाले की त्यात लाज नाही आणि सौदाही नाही. सौदा सुरू होतो तो आकड्यापासून, आणि आकडा आम्ही धर्मगुरू पुरवतो. नोव्हेना मुळात प्रेषितांनी मातेसह वरच्या खोलीत वाट पाहत काढलेल्या दिवसांची आठवण आहे. वाट पाहण्याचे आम्ही वसुलीत रूपांतर केले.

आता दुसऱ्या बाजूला वळू, कारण आमचे वरचे लिखाण वाचून काही तरुण वाचक टाळ्या वाजवतील अशी आम्हांला भीती आहे. ते म्हणतात, ‘‘फादर, आम्ही हेच सांगतो. माळ म्हणजे पोपटपंची. मला वाटेल तेव्हा मी मनातल्या मनात देवाशी बोलतो. ठरावीक वेळ, ठरावीक शब्द कशाला?’’ या तरुणांपैकी कित्येक जण आज आखातात आहेत, कॅनडात आहेत. वसईत त्यांच्या आया रविवारी दुपारी मोबाइल उशाशी घेऊन बसतात. मुलगा जर म्हणाला की, आई, मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलतो, फोन कशाला, तर ती काय समजेल? आणि फोन झाला तर ती विचारते काय? जेवलास का, थंडी फार आहे का, मिस्साला गेला होतास का. गेल्या रविवारी हेच विचारले होते आणि पुढच्या रविवारी हेच विचारणार. याला पोपटपंची कोणी म्हणत नाही. तेच शब्द पुन्हा उच्चारणे हा प्रार्थनेचा दोष असता तर गेथशेमनीच्या बागेत प्रभू येशू दोषी ठरला असता. मत्तय स्पष्ट नोंदवतो की तिसऱ्या वेळी त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारून प्रार्थना केली. परराष्ट्रीयांच्या ज्या बडबडीला तो नाव ठेवतो, ती पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल या हिशेबाची बडबड आहे. दोष हिशेबाचा आहे.

आमच्या धर्मग्रामात एक विधुर आजोबा आहेत. संध्याकाळी केळीच्या बागेतून आल्यावर अंगणातल्या क्रुसाजवळ माळ घेऊन बसतात. एक दशक म्हणतात, थांबतात, बागेत काय झाले ते मोठ्याने सांगतात, पुन्हा दुसरे दशक. पाटाला पाणी आले नाही, नातीचा निकाल लागला, गुडघा दुखतो. कोणाला सांगता, असे आम्ही एकदा विचारले. ‘‘मातेला सांगतो, ती त्याला सांगते. मधेच तोही ऐकतो.’’ आमच्या ईशज्ञानाच्या प्राध्यापकांनी या वाक्यावर लाल शाई ओतली असती. संत तेरेसाने मात्र ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या पुस्तकात अशाच एका वृद्ध धर्मभगिनीची हकीकत दिली आहे. तिला मनन जमत नसे, केवळ तोंडी प्रार्थना जमे, याचे तिला दुःख होते. आणि प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणताच ती चिंतनाच्या किती उंचीवर पोहोचली आहे हे पाहून तेरेसाला तिचा हेवा वाटला.

तिसरा एक गट आहे, त्याच्याविषयी थोडे जपून बोलावे लागते, कारण त्याचे उपकार आहेत. १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी सुरू झालेल्या करिश्माई नवजागरणाने प्रभूशी वैयक्तिक नाते हा शब्दप्रयोग आमच्या घराघरांत आणला. बायबल उघडायला लावले, सामान्य माणसाला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करण्याचे धैर्य दिले. पण तेथे भावना हे नात्याचे माप होऊन बसले. अश्रू आले म्हणजे प्रभू आला. अश्रू आटले म्हणजे आपल्यातच काही पाप दडले आहे. विवाहाला तीस वर्षे झालेल्या दांपत्यांनी याचे उत्तर द्यावे. २००७ मध्ये मदर तेरेसांची पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की, जवळजवळ पन्नास वर्षे या स्त्रीला प्रार्थनेत प्रभूच्या सहवासाची जाणीवच होत नव्हती. तरीही त्या रोज पहाटे प्रार्थनेस बसत राहिल्या. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. ज्यांचे डोळे मेळाव्यात भरून येत नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. लिझ्यूची संत तेरेजा तर प्रार्थनेत चक्क झोपी जात असे, आणि लेकरू झोपलेले असले तरी आईबापांना प्रियच असते, असे मानून ती त्याचे दुःख करत नसे.

तर मग नाते शिकता येते काय? येते. लूकच्या शुभवर्तमानातील एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ अशा अर्थाची विनंती करणारे शिष्य यहुदी होते. स्तोत्रे त्यांना लहानपणापासून येत होती, सभास्थानातल्या प्रार्थना त्यांच्या कानांवरून रोज जात होत्या. त्यांना प्रार्थना पाठ होत्या. प्रभूला एकांतात प्रार्थना करताना त्यांनी पाहिले, आणि आपल्याला येते ते आणि हे एक नव्हे, हे त्यांनी ओळखले.

आम्हांला ते ओळखायला चाळिशी गाठावी लागली. तोवर आमची प्रहरप्रार्थना विरार गाडीत होई. नालासोपाऱ्याला सुरू केलेली सायंप्रार्थना बोरिवलीच्या आत संपली की कर्तव्य पुरे झाल्याचे समाधान वाटे. एका साधनेच्या वेळी एका वृद्ध जेझुइट फादरांनी आमच्याकडून सगळी पुस्तके काढून घेतली आणि संत इग्नातींची प्रार्थनेची दुसरी पद्धत हातात दिली. ती अशी आहे : बसावे किंवा गुडघे टेकावे, प्रभूच्या प्रार्थनेतला पहिला शब्द घ्यावा, आणि त्यात गोडी, अर्थ, समाधान मिळत असेल तोवर त्याच शब्दावर थांबावे. तासभर एकाच शब्दात गेला तरी पुढे जाण्याची घाई करू नये. आणि सुरुवातीपूर्वी, आसनापासून एकदोन पावले दूर उभे राहून, एक ‘आमच्या बापा’ म्हणायला लागतो तेवढा वेळ, प्रभू आपल्याकडे कसे पाहतो आहे याचे स्मरण करावे.

पहिला शब्द ‘बापा’. पहिल्या दिवशी आम्हांला कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी झोप. तिसऱ्या दिवशी राग आला, आणि तो कोणाचा हे कळायला वेळ लागला. आमचे वडील कष्टाळू, सज्जन, पण कठोर होते. त्यांना आम्ही जन्मभर ‘तुम्ही’ म्हटले आणि त्यांच्यासमोर कधी बसलो नाही. त्या एका शब्दाच्या आड आम्ही इतकी वर्षे देवापुढेही तसेच उभे होतो. प्रभूने गेथशेमनीत वापरलेला ‘अब्बा’ हा शब्द बोबड्या बाळाचा आहे असे काही प्रवचनकार सांगतात. भाषापंडितांना ते मान्य नाही, मोठी मुलेही तो वापरत. आम्हांला त्यातच दिलासा वाटला. बोबडे होण्याची गरज नव्हती, पन्नाशीकडे झुकलेल्या मुलाने बापासमोर बसणे पुरेसे होते. तो महिना संपेपर्यंत आम्ही ‘आमच्या’ या शब्दापर्यंतही नीट पोहोचलो नव्हतो.

म्हणून आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आमचे उत्तर असे : आपल्या माणसाला नाते नको आहे, हे आपण कशावरून ठरवले? मागच्या दारात बसलेल्या बाईला विचारून? नाते हवे असते. ते कसे मागावे हे आपण दाखवत नाही, कारण ते आपल्याला स्वतःलाच अवघड जाते, आणि कार्ड छापणे सोपे असते. ही सोय आमचीही होती.

प्रथम कम्युनियनच्या वर्गाचे उदाहरण घ्या. आठ-नऊ वर्षांची मुले वर्षभर येतात. शेवटी तोंडी परीक्षा. सहा-सात प्रार्थना एका दमात म्हणून दाखवल्या की मूल पास. जे मूल ‘प्रेषितांचा मतांगिकार’ म्हणताना अडखळते त्याची आई दारात रडवेली उभी असते. या परीक्षेला वीस वर्षे परीक्षक म्हणून आम्ही बसलो. कोणत्याही मुलाला आम्ही विचारले नाही की, बाळा, तू हे कोणाला सांगतोस?

यंदा आम्ही ती परीक्षा घेतलेली नाही. प्रार्थना मुलांना शिकवल्या आहेत. पाठांतराला आमचा विरोध नाही, शब्द हाताशी असावे लागतात. परीक्षेऐवजी आईवडिलांना सांगितले की, रात्री दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाइल बंद करून मुलाजवळ बसा, दिवसभरात काय झाले ते त्याने देवाला मोठ्याने सांगावे आणि मग तुम्हीही सांगावे, मुलाच्या देखत. त्यावर आमच्याकडे अकरा तक्रारी आल्या आहेत. दोन लेखी आहेत, एक वरिष्ठांकडे गेली आहे. आठ तक्रारींचा सूर असा की मुलाने सांगावे हे ठीक, परंतु मुलासमोर आम्ही देवाशी काय बोलणार, आम्हांला संकोच वाटतो. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात या पालकांना बोलावले आहे. त्या बाईही येणार आहेत. त्या आता आमच्या धर्मग्रामात सुनेकडे राहतात, आणि बुधवारी नोव्हेनालाही येतात. मोजत मात्र नाहीत.